एकशे अडुसष्ट भोकांची मोजणी

संध्याकाळी दारात कुणीही आलं की माझे वडील, म्हणजे आबा, एकच प्रश्न विचारायचे. "आली का समदी?" मेंढरं विकून सहा वर्षं झाली होती, तरी. लोणी भापकरच्या आमच्या घरापुढं आता ज्वारी आणि थोडा कांदा होता. मेंढरं कोंडायची दोरीची जाळी, तिला आमच्यात वाघर म्हणतात, ती गुंडाळून माळ्यावर गेली होती. प्रश्न मात्र गेला नव्हता. मी बारामतीहून एसटीनं घरी यायची, चपला काढायची आणि आबा विचारायचे. यायची मी एकटीच. मी म्हणायची, "आली." ते म्हणायचे, "बरं झालं." दिवसभराचं आमचं बोलणं एवढ्यात व्हायचं आणि आम्हाला ते पुरायचं.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी नोकरीला होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मालक पिंपळीचे, उसाच्या घरातले. त्यांना सगळे तात्या म्हणायचे. पांढरा पायजमा, पांढरा शर्ट, आणि ऑईलनं भरलेल्या त्या जागेत दिवसभर वावरून संध्याकाळी तो शर्ट तसाच पांढरा. ते कसं जमायचं हे मला आजही उमगलेलं नाही. डिप्लोमा झालेली पोर म्हणून त्यांनी मला घेतलं खरं, पण पहिले सहा महिने टाइपरायटरपुढं बसवलं. मी रोज विचारायची, मशीनवर कधी? शेवटी ते कंटाळून म्हणाले, "त्या कोपऱ्यातल्या भंगाराचं काय करायचं ते कर जा."

कोपऱ्यातलं भंगार म्हणजे लोखंड कोरायचं, भोकं पाडायचं एक जुनं मिलिंग मशीन. त्याचं टेबल हँडल फिरवून पुढं-मागं, डावी-उजवीकडं सरकवायचं. मी आणि लेथ चालवणाऱ्या आमच्या टर्नरनं मिळून ती हँडलं काढली आणि त्या जागी मोटरा बसवल्या. एका शाळेनं काढून टाकलेला कंप्युटर तात्यांनी आणून दिला. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. त्या कंप्युटरनं मोटरीला ठोके द्यायचे आणि प्रत्येक ठोक्याला टेबल केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकायचं. हजार ठोके दिले तर तसं हजारदा. मी प्रोग्राम लिहिला, आठवडाभर चुकला, मग चालला. हँडलाला हात न लावता टेबल आपोआप सरकलं तेव्हा टर्नरनं चक्क हात जोडले. हे मी केलं होतं. यात विनय दाखवायचं मला काही कारण दिसत नाही. बारामतीपासून इंदापूरपर्यंत असलं दुसरं मशीन माझ्या ऐकण्यात तरी नव्हतं.

दोन वर्षं ते मशीन गुमान चाललं. मग तात्यांनी पुण्याहून नवा कंप्युटर आणला.

नवा म्हणजे रंगीत. छोटीछोटी चित्रं, बाण, आणि तो बाण हलवायला माऊस. पत्त्यांचा डाव होता त्यात. कुणी हात लावला नाही की थोड्या वेळानं पडद्यावर मासे पोहायला लागायचे. वर्कशॉपमध्ये लगेच नावं पडली, जुनी ती काळी आणि नवी ती रंगीत, गोठ्यातल्या म्हशींना ठेवावीत तशी. तात्यांनी रंगीतला हार घातला, पेढे वाटले आणि मला म्हणाले, "आता मशीन हिच्यावर चालवायचं." खरं सांगायचं तर मीही भुलले. काळ्या पडद्यावर अक्षरं बडवून माझे डोळे दुखायचे. या नव्या प्रकारात भोकांचं चित्रच समोर दिसायचं, कुठलं पाडून झालं, कुठलं राहिलं. मी हौसेनं सगळा प्रोग्राम तिच्यावर चढवला आणि काळी उचलून कपाटावर ठेवून दिली. ती चूक तात्यांची जेवढी, तेवढीच माझी.

तात्यांचा गोतावळा मोठा. बाजारच्या दिवशी पिंपळीहून, आसपासच्या वाड्यांवरून माणसं बारामतीला यायची आणि बाजार झाला की पिशव्या घेऊन वर्कशॉपवर टेकायची. पूर्वी चहा व्हायचा, उसाच्या गप्पा व्हायच्या. आता चहाच्या आधी रंगीतचं दर्शन. आलेल्याला खुर्ची द्यायची, माऊस हातात द्यायचा आणि तात्यांनी मागं उभं राहून म्हणायचं, "हलवा की, पाव्हणं. घाबरताय कशाला, चावत न्हाय त्यो." मग पाहुणा माऊस हलवायचा, पडद्यावर बाण पळायचा आणि पाहुणा तात्यांकडं असं बघायचा की तात्यांनीच तो कंप्युटर जन्माला घातला. घरी आलेल्याला हात लावू न देता नुसतं लांबून दाखवायचं, हे आमच्याकडं बसत नाही. बैल घेतला तरी पाहुण्यानं पाठीवरून हात फिरवायला हवा.

त्याच सुमारास कामं चुकायला लागली. दहा नग बरोबर, अकराव्याची भोकं सरकलेली. पडद्यावर आकडे मात्र चोख. आधी आम्ही विजेला बोल लावला, मग मोटरांना, मग ड्रिलला. हळूहळू सगळ्यांची नजर माझ्यावर यायला लागली. कुणी बोलत नव्हतं, पण "प्रोग्राम बाईचा हाय" हे वाक्य चहाच्या टपरीवरून माझ्या कानावर आलंच.

आणि मग इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचं काम आलं. उसाचा रस तापवायच्या एका छोट्या टाकीत नळ्या उभ्या असतात, वर एक जाळीची प्लेट आणि खाली एक. नळी वरच्या भोकातून घालायची, खालच्या भोकात बसवायची. खालची प्लेट टाकीत धडधाकट होती, वरची सडली होती. आम्ही नवी वरची करायची. दोन फूट रुंद, जाड लोखंडाची, एकशे अडुसष्ट भोकं. गळीत सुरू व्हायला अजून अवकाश होता. मी प्लेट केली, पडद्यावर सगळं हिरवं दिसलं, टेम्पो गेला. चौथ्या दिवशी टेम्पो प्लेटसकट परत आला. सोबत कारखान्याचे फोरमन होते, उंच, कमी बोलणारे. त्यांनी प्लेट जमिनीवर ठेवली आणि बोट दाखवलं. "हितपतूर नळ्या जात्यात. पाचव्या ओळीपासनं एक जात न्हाय."

फोरमन दुसरी प्लेट मागून गेले. तात्यांनी मला ऑफिसात बोलावलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं, मीही चिडले असते. ते शांत होते. "हे बघ पोरी," ते म्हणाले, "आणिक एक प्लेट. ती गेली वाया तर मोटरा काढायच्या अन् हँडल लावायचं. तू परत टाइपाला बस. माजी जबान गेली हाय तितं." मी बाहेर येऊन मशीनपुढं उभी राहिले. ते मशीन उघडून त्याच्या मोटरा कुणीतरी काढतंय, हे डोळ्यांपुढं आलं आणि मला इतका राग आला की मी एसटी चुकवली.

घरी उशीर झाला. आबांनी विचारलं, "आली का समदी?" मी म्हटलं, "न्हाय आली. पाचव्या ओळीपासनं हरवली." आणि सगळं सांगितलं. आबा कंप्युटर कधी बघायला आले नव्हते. त्यांना भोकं कळली, ओळी कळल्या, सरकलेलं कळलं. त्यांनी विचारलं, "मोजतीस कवा?"

"झाल्यावर. शेवटाला."

"शेवटाला मोजून काय उपेग?" आबा म्हणाले. "सांजच्याला वाघरीच्या तोंडाशी मोजलं अन् दोन कमी निघाली तर दिसभरात कुठं ऱ्हायली कसं कळावं? आमी वड्याला मोजायचो. वडा वलांडला की मोजायची. रस्ता वलांडला की मोजायची. मग कळतंय, ह्या वड्यापतूर व्हती, त्या रस्त्याला न्हाईत. मधीच कुठं तरी हायत. तितंच हुडकायचं."

लहानपणी ओढ्याच्या काठाला बसून मीही आबांबरोबर मोजलं होतं. इतका डिप्लोमा शिकून ते माझ्या डोक्यात कसं आलं नाही, याची मला लाज वाटली. आबांना मी तसं म्हणाले नाही. ते फार हसले असते.

दुसऱ्या दिवशी मी टेबलाच्या एका कोपऱ्याशी डायल बसवला. डायल म्हणजे घड्याळासारखी तबकडी. तिच्या टोकाला टेबल येऊन टेकलं की काटा सांगतो किती पुढं, किती मागं. पडद्यावरच्या आकड्यावर माझा विश्वास उरला नव्हता. तो पडदा सांगायचा की मी एवढे ठोके पाठवले. मोटरीपर्यंत किती पोचले, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी प्रोग्राम बदलला. प्रत्येक ओळ झाली की टेबलानं माघारी डायलापाशी यायचं, टेकायचं, मी बटण दाबलं की मग पुढची ओळ. ड्रिल न लावताच मी टेबल दिवसभर फिरवलं आणि शेजारी स्टुलावर वही घेऊन बसले. ओळ पहिली, काटा शून्यावर. दुसरी, शून्यावर. टर्नर येऊन बघून जायचा आणि मान हलवायचा. तीन दिवस माझ्या वहीत नुसती शून्यं होती. तेव्हा माझा धीर सुटायला लागला, कारण मशीन चुकत नसेल तर मग मीच चुकत होते.

चौथा दिवस बाजाराचा.

दुपारी तात्यांचे व्याही आले. मोठा माणूस, मिशा, खांद्यावर उपरणं, मागं तात्यांचा धाकटा भाऊ पिशवी घेऊन. तात्यांनी मला खुणेनं उठवलं, व्याह्यांना खुर्ची दिली, माऊस हातात दिला. मी वही घेऊन डायलापाशी सरकले. मशीन सहाव्या ओळीवर होतं. व्याह्यांनी माऊस गोल गोल फिरवायला सुरुवात केली, जात्याचा खुंटा फिरवावा तसा, आणि हसायला लागले. टेबल माघारी आलं, डायलाला टेकलं. काटा शून्यावर नव्हता.

मी ओरडले, "हात काढा!"

वर्कशॉपमधलं सगळं थांबलं. व्याह्यांनी विंचू चावल्यासारखा हात उचलला. बाईमाणसानं व्याह्याला, तेही मुलीच्या सासऱ्याला, चारचौघांत असं ओरडणं म्हणजे काय, हे मला पुरतं माहीत होतं. तात्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. "डोकं फिरलं का तुजं?" ते म्हणाले. मी आता मागं फिरू शकत नव्हते. मी म्हटलं, "तात्या, मला बोला, उद्यापासनं येऊ नको म्हणा. पण आधी हितं या आणि हा काटा बघा."

ते आले. ते बघायला आले हा त्यांचा मोठेपणा, हे मी आज तीस वर्षांनीही सांगते. मी काटा परत शून्यावर लावला आणि म्हटलं, आता कुणी हात लावू नका. टेबल गेलं, आलं. शून्य. मग मी तात्यांना म्हटलं, "आता तुमी बसा अन् हलवा." तात्या बसले, माऊस जोरात फिरवला. टेबल गेलं, आलं. काटा चार रेघा बाजूला. तात्यांनी पुन्हा फिरवला. आणखी तीन रेघा. मग माऊस सोडला. शून्य आलं नाही, पण काटा आणखी हललाही नाही. गेलं ते गेलं, पुढचं सगळं तेवढ्यानं सरकलेलं. त्या परत आलेल्या प्लेटचंही हेच झालं होतं, पाचव्या ओळीपासून.

"बाण पळवायच्या नादात ठोका द्यायचा ऱ्हातोय," मी म्हटलं. "तिला एकाच वक्ताला चार कामं करायची असत्यात. मोटरीनं कुठवर थांबायचं?"

सगळ्यांच्या आधी हसले ते व्याही. "म्हंजी आमीच मोडलं व्हय तुमचं काम?" ते म्हणाले. तात्या हसले नाहीत. ते वहीतली पानं उलटत होते, तीन दिवसांची शून्यं. मग म्हणाले, "ती पहिली प्लेट कुठल्या दिशी केली?" मी सांगितलं. बाजारच्या. वाया गेलेला एकेक नग आम्ही आठवून पाहिला, बहुतेक सगळे बाजारचे.

तात्या म्हणाले, पाहुण्यांना माऊस देणं बंद. मला तेही पुरेसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी मी प्रोग्राममधून बटण काढलं, मुद्दाम कशाला हात न लावता टेबल फिरत ठेवलं आणि लांब जाऊन डबा खाल्ला. परत आले तर पडद्यावर मासे पोहत होते आणि काटा एक रेघ बाजूला होता. तीन दिवस मी शेजारी बसून दर ओळीला बटण दाबत होते म्हणून मासे आलेच नव्हते. पाहुण्याला थांबवता येतं, पण आतल्या आत ती केव्हा काय करायला घेईल याचा भरवसा कोण देणार? पत्रं लिहायला, बिलं करायला ती गुणाची होती. मशीनच्या कामाची नव्हती. मी कपाटावरून काळी खाली काढली, फडक्यानं पुसली, जुनी फ्लॉपी घातली. तिच्यात मासे नव्हते, पत्ते नव्हते, बाण नव्हता. तिला एकच काम यायचं आणि ते चालू असताना ती दुसरीकडं बघायची नाही. मला तिचा अभिमान वाटला, एखाद्या माणसाचा वाटावा तसा.

तात्यांची एकच अडचण होती. पाहुण्यांना दाखवायचं काय? त्यावर त्यांनीच तोड काढली. रंगीत ऑफिसात हलवली, तिच्या मागून एक जाड वायर भिंतीतून वर्कशॉपच्या बाजूला काढली आणि ती मशीनमागं नुसती लोंबत सोडली. पाहुणा ऑफिसात माऊस हलवायचा, भिंतीपलीकडं मशीन चालल्याचा आवाज यायचा आणि तात्या म्हणायचे, "बघा, सगळं हितनं चालतंय." त्या वायरीला अडखळून टर्नर दोनदा पडला, पण तात्यांनी ती काढू दिली नाही.

दुसरी प्लेट मी काळीवर केली. मुद्दाम बाजारच्याच दिवशी केली. ओळ झाली की टेबल डायलापाशी यायचं, काटा शून्यावर यायचा आणि मी वहीत मांडायची. तात्या दर ओळीला मागं येऊन उभे राहायचे. शेवटची ओळ झाली, काटा शून्यावर आला आणि त्यांनी पहिल्यांदा शर्टाला घामेजलेले हात पुसले.

प्लेटबरोबर तात्या आणि मीही टेम्पोत बसलो. तात्या म्हणाले, प्लेट बसली तर येताना भिगवणला मासे खायचे, नाही बसली तर तिथं थांबायचंच नाही. जाताना भिगवण आलं तेव्हा आम्ही दोघांनीही दुसरीकडं पाहिलं. कारखान्यात फोरमननी प्लेट टाकीवर चढवली, बोल्ट लावले आणि दोन माणसं नळ्या घालायला लागली. पहिली ओळ गेली. चौथी गेली. पाचव्या ओळीची पहिली नळी वरच्या भोकातून आत सरकली. खाली ठक असा आवाज झाला. बसली. फोरमन माझ्याकडं बघत होते. मी मोजत होते, मनात, ओठ हलवत, आबांसारखी. तिसऱ्या प्रहरी शेवटची नळी खाली ठक करून बसली. एकशे अडुसष्ट.

फोरमननी तात्यांना विचारलं, "लई भारी कंप्युटर घेतला म्हनं तुमी पुण्यासनं?" तात्यांना हो म्हणायला काय जात होतं! इतके दिवस ते तेच सांगत आले होते. ते म्हणाले, "कंप्युटर शाळंनं टाकल्याला हाय. मशीन हिचं हाय." आणि माझ्याकडं हात केला. फोरमननी मला नमस्कार केला, साधा, दोन हात जोडून. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. त्यानंतर मला बरंच काही मिळालं, पण त्या नमस्काराच्या तोडीचं थोडंच.

भिगवणला आम्ही मासे खाल्ले. तात्यांच्या शर्टावर रस्सा सांडला. पहिल्यांदाच.

घरी पोचले तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता. आबा दारातच होते. मी चपला काढायच्या आत त्यांनी विचारलं, "आली का समदी?"

"आली, आबा. समदी आली."

"किती व्हती म्हनालीस?"

"एकशे अडुसष्ट."

आबांनी बोटांवर हिशेब केला. त्यांचा कळप भरात होता तेव्हाही एकशे चाळीसच्या वर कधी गेला नव्हता, हे मला माहीत होतं.

"माज्यापरीस जास्त झाली की," ते म्हणाले आणि मला आत यायला वाट करून दिली.